पांदण रस्त्याच्या अंदाजपत्रकात न लिहिलेलं काम

प्रकल्प व्यवस्थापन म्हटलं की समृद्धी महामार्ग किंवा नागपूरची मेट्रो आठवते. संगणक, आलेख, डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेला साहेब. पण आपल्या गावातला दोन किलोमीटरचा पांदण रस्ता, म्हणजे वावरांकडे जाणारी वाट, हाही प्रकल्पच आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरावीक पैसा आहे, आणि काम संपल्यावर आधी नव्हती अशी एक वस्तू शिवारात उभी राहते. प्रकल्पाला याहून जास्त काही लागत नाही.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर पांदण हे सोपं काम आहे. गावनकाशा काढायचा, मोजणी करायची, काळी माती खरवडायची, मुरूम टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, ओघळ असेल तिथे सिमेंटचे पाइप टाकायचे. यातलं कुठलंही काम आपल्या तालुक्यातल्या अभियंत्याला किंवा जेसीबीवाल्याला नवीन नाही. पैशाची वाटही आहे. रोजगार हमी आणि राज्याचा निधी यांची सांगड घालणारी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना नोव्हेंबर 2021 मध्ये आली. ही सांगड का घालावी लागली, तर रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं 60:40 प्रमाण राखावं लागे, आणि मुरमाच्या रस्त्याचा बहुतेक खर्च साहित्यावर नि मशिनवर जातो.

तरीही यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत कुठल्याही गावात विचारा. ठराव झाला, मंजुरी आली, आणि रस्ता जिथल्या तिथे, असं एक तरी उदाहरण निघतं. दरवर्षी सोयाबीन काढणीला आलं की मळणीयंत्र वावरापर्यंत जात नाही, ढीग ताडपत्रीखाली राहतो, आणि कापसाची गाठोडी बाया डोक्यावर घेऊन चिखलातून येतात.

अडतं ते बहुतेक वेळा माणसांत. आणि माणसांत अडलेलं काढण्याची जी कामं आहेत, त्यांनाच हल्ली सॉफ्ट स्किल्स म्हणतात.

तालुक्याच्या ठिकाणी या नावाचे क्लास चालतात. त्यांत टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, मुलाखतीत इंग्रजीत स्वतःबद्दल काय बोलायचं, हे शिकवतात. माझ्या मते त्याचा या विषयाशी फारसा संबंध नाही. गोड बोलणं म्हणजेही हे कौशल्य नव्हे. गोड बोलून कामं बुडवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथे मला अभिप्रेत आहे ते वेगळं: कोणाशी आधी बोलायचं हे ओळखणं, समोरचा जे म्हणतोय त्यामागचं कारण काढणं, वाईट बातमी वेळेवर सांगणं, नाही म्हणणं, आणि ठरलेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवणं. प्रकल्प व्यवस्थापनाची पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) नावाची जी मोठी संस्था अमेरिकेत 1969 साली सुरू झाली, तिने व्यवस्थापकाला लागणाऱ्या गुणांचा एक त्रिकोण मांडलाय. त्यातल्या एका बाजूला 2022 पासून ती ‘पॉवर स्किल्स’ म्हणते. म्हणजे ही कौशल्यं मऊ आहेत असं त्या धंद्यातल्या लोकांनाही आता वाटत नाही.

आता पांदणीवर येऊ. समजा, दारव्हा-दिग्रसकडचं एक गाव आहे. डांबरी रस्त्यापासून पांदण आत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस कास्तकारांची वावरं आहेत. नकाशावर रस्ता आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडचे धुरे, म्हणजे वावरांचे बांध, वर्षानुवर्षं आत सरकत आलेत आणि मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढी जागा उरलीये. रस्ता करायचा तर प्रत्येकाला पिकाची दोन-तीन तासं, म्हणजे ओळी, सोडाव्या लागतील.

इथली खरी अडचण अंदाजपत्रकात दिसत नाही. पांदणीच्या तोंडाशी ज्याचं वावर आहे त्याला रस्त्याची गरजच नाही, कारण त्याची गाडी थेट डांबरीवर निघते. सर्वांत जास्त गरज आहे शेवटच्या वावरवाल्याला. पण काम सुरू व्हायचं ते तोंडापासून. म्हणजे ज्याला फायदा शून्य, त्याच्या होकाराशिवाय ज्याला फायदा सगळ्यांत जास्त त्याच्यापर्यंत मशीन पोचतच नाही. ग्रामसभेत वीसपैकी एकोणीस हात वर झाले आणि हा एक हात खाली राहिला, तर बहुमताचा काही उपयोग नाही.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यासाठी एक साधा चौकोन सांगतात. कागदाचे चार भाग करायचे. एका दिशेला ताकद, म्हणजे हा माणूस काम अडवू किंवा पुढे नेऊ शकतो का. दुसऱ्या दिशेला आस्था, म्हणजे त्याला या कामात रस आहे का. तोंडावरचा कास्तकार ‘ताकद भरपूर, आस्था कमी’ या खणात पडतो. प्रत्येक प्रकल्प या खणातल्या माणसाशी अडखळतो, कारण आपल्याला सवय असते ज्यांना आस्था आहे त्यांच्यातच बसून बोलायची. तिथे चहा मिळतो, मान हलते, बरं वाटतं.

उलट्या कोपऱ्यात ‘आस्था भरपूर, ताकद कमी’ अशा बाया असतात. वेचणीला रोज त्याच वाटेने जाणाऱ्या. पांदणीत पाणी नेमकं कुठे तुंबतं आणि कुठे पाय गुडघ्यापर्यंत जातो, हे त्यांच्याइतकं मोजणीवाल्यालाही ठाऊक नसतं. पण सभा जर सकाळी दहाला ग्रामपंचायतीत ठेवली तर त्या वावरात असतात, आणि संध्याकाळी आल्या तरी मागे बसतात. त्यांचं ऐकायचं तर बचत गटाच्या बैठकीत जावं लागतं. फार मोठी गोष्ट नाही, पण ती कामाच्या आराखड्यात लिहिली नसेल तर कोणी करत नाही.

तोंडावरच्या काकांकडे परत जाऊ. सभेत ते काही बोलले नाहीत. बाहेर निरोप मात्र आला, “जागा देत नाही.” बहुतेक ठिकाणी इथून पुढे दोनच गोष्टी होतात. तरणी पोरं म्हणतात तहसीलदाराकडे अर्ज करू, आणि म्हातारे म्हणतात जाऊ द्या, त्यांचा स्वभावच तसा. तिसरी वाट म्हणजे त्यांच्या धुऱ्यावर जाऊन बसणं. एकट्याने. फाइल न घेता.

“काका, सभेत काऊन नाही बोललात?”

“कोनी इचारलंच नाही.”

“आता इचारतो. जागेचं काय अडते?”

“जागेचं काही नाही अडत. तुम्ही रस्ता फूटभर उचलता. मंग वरच्या वावरातलं पानी कुठी जाईन? माह्याच वावरात बसन ना. माही पऱ्हाटी पिवळी पडली तं कोन देते मले?”

त्यांचा नकार जागेबद्दल नव्हताच, पाण्याबद्दल होता. आणि तो अगदी रास्त होता. काळ्या मातीत रस्ता उंच केला की तो बांधासारखा आडवा येतो. वरून येणारं पाणी अडतं आणि कपाशीची मुळं सडतात. उपाय दोन पाइप आणि कडेने एक नाली एवढाच. म्हणजे त्या धुऱ्यावरच्या बसण्याने नुसतं मन वळलं नाही, अंदाजपत्रकच सुधारलं. ऐकणं हे कौशल्य का, याचं माझ्यापाशी याहून चांगलं उत्तर नाही. ऐकलं नसतं तर रस्ता झाला असता, आणि पहिल्याच पावसाळ्यात कोणीतरी रात्री कुदळीने तो फोडला असता.

वाटाघाटी शिकवणारे लोक म्हणतात, माणूस काय मागतो आणि त्याला काय हवं असतं यांत फरक असतो. हा फरक काढायचा साधा मार्ग म्हणजे त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगणं: “म्हंजे तुमचं म्हणणं असं हाय का, की पाण्याची सोय झाली तर जागेले तुमची ना नाही?” यावर तो हो म्हणेल किंवा आपल्याला दुरुस्त करेल. दोन्हीत आपला फायदा.

होकाराबद्दलही सावध राहावं लागतं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. “पाहू ना भाऊ” याचा अर्थ नाही. “तुम्ही म्हनता तं करू” याचा अर्थ मी बांधील नाही. शिवाय जो हो म्हणतो, जमीन त्याची असतेच असं नाही. सातबारा काढून पाहावा. वावर वाहणारा धाकटा भाऊ असतो, नाव तिघा भावांचं आणि दोन बहिणींचं असतं, त्यांतली एक नागपूरला आणि एक भाऊ पुण्यात कंपनीत. सभेत हो म्हणालेला धाकटा संध्याकाळी मोठ्याला फोन करतो आणि सकाळी होकार मागे येतो. यात लबाडी नसते. निर्णय घेणारा माणूस सभेत नव्हता, एवढंच. त्याला आधीच फोन लावला असता तर पंधरा दिवस वाचले असते.

वीस कास्तकार म्हणजे किती बोलणी? याचं एक गणित आहे. माणसांच्या संख्येला एक कमी संख्येने गुणायचं आणि दोनने भागायचं. पाच जणांत आपसातल्या दहा जोड्या होतात, वीस जणांत 190. प्रत्येक जोडीत जुनं काहीतरी असतं: धुऱ्याचं भांडण, पोरीच्या लग्नात राहिलेला मानपान, सोसायटीच्या निवडणुकीतला राग. सगळ्यांना एकदाच एका खोलीत बसवलं की या 190 जोड्या एकदम जाग्या होतात. म्हणून अनुभवी माणूस आधी चार-चार, पाच-पाच जणांच्या टोळक्यांशी बोलतो आणि मोठी सभा शेवटी घेतो, तीही फक्त ठरलेलं वाचून दाखवायला. व्हॉट्सअॅप ग्रुपने हे काम सोपं झालंय असं वाटतं, पण ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. कित्येकदा तो नातवाने दाबलेला असतो.

गावाची भाषा आणि गावाची घडी हाही यातलाच भाग. दिग्रस-पुसदकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात सरपंच कोणीही असो, नाईक आणि कारभारी यांना डावलून काम पुढे जात नाही. झरी-मारेगावकडच्या कोलामांच्या पोडावर शासकीय मराठीतला ठराव वाचला तर माणसं शांत बसतात, आणि साहेब समजतो सगळ्यांना पटलं.

मग वेळ. आपल्याकडे मातीकामाला खरा मोकळा काळ थोडा. तूर-हरभरा निघून पऱ्हाटी उपटली की मार्च लागतो, आणि 7 जूनच्या मृगाआधी वावरं तयार हवीत. मधे आर्थिक वर्ष संपतं, लग्नसराई येते. या अडीच-तीन महिन्यांत जर बोलणीही करायची ठरवली तर काम पुढच्या वर्षावर गेलंच म्हणून समजा. बोलणी पावसाळ्यातच उरकावीत. निंदण-डवरण आटोपून पोळ्याच्या आसपास हाताला जरा उसंत असते, आणि तेव्हा पांदणीची अवस्था प्रत्येकाला स्वतःच्या पायाखाली दिसत असते. शिवारफेरी उन्हाळ्यात कोरड्या मातीवरून काढण्यापेक्षा ऑगस्टच्या चिखलातून काढावी. पाणी कुठे तुंबतं यावर वाद घालायची गरजच पडत नाही.

काम सुरू झालं की दुसरी परीक्षा. जेसीबी गावात आला रे आला की प्रत्येकाला एक छोटं काम आठवतं. “आलाच हाय तं माह्या गोठ्यापुढचा उंचवटा काढून दे.” “एक टिप्पर मुरूम इकडे टाकला तं काय बिघडते?” मशीन तासावर असतं. असे पाच-सहा उपकार झाले की शेवटच्या शंभर मीटरचा मुरूम संपलेला असतो, आणि तो नेमका ज्याला रस्ता सगळ्यांत जास्त हवा त्याच्या वावरासमोरचा असतो. इंग्रजी पुस्तकांत याला व्याप्ती वाढणं म्हणतात आणि त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. इथे नाही म्हणण्याचं कौशल्य लागतं, आणि ते ऑपरेटरवर सोडू नये. बाहेरगावचं पोरगं, ते कोणाला नाही म्हणणार? ठरावाची प्रत आणि कामाचा नकाशा मशिनजवळ लावावा. “मी देत नाही” असं म्हणण्यापेक्षा “गावाने यात लिहिलं नाही, वाढवायचं तर सभेत वाढवू” असं म्हणणं सोपं जातं, आणि माणूसही दुखावत नाही.

वाईट बातमीचं तसंच. मशीन दुसऱ्या गावाला गेलं, बिल अडलं, मोजमाप पुस्तिकेवर सही राहिली, हे ज्या दिवशी कळतं त्याच दिवशी सांगावं. आठ दिवस दाबून ठेवलेल्या बातमीची चावडीवर काय गोष्ट होते, हे वेगळं सांगायला नको.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. मजुरांची मजुरी दोन-दोन महिने खात्यात जमा होत नसेल, तर कुठल्याही संवादकौशल्याने त्यांना परत कामावर आणता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणं हा त्यांचा अपमान आहे. चुकीचं अंदाजपत्रक हसून सांगितल्याने बरोबर होत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचंच पाहा. 1983 साली 372 कोटींचा धरलेला प्रकल्प, 1988 मध्ये भूमिपूजन, 2009 मध्ये राष्ट्रीय दर्जा, आणि खर्च पुढे हजारो कोटींत गेला. तिथे भूसंपादन रखडलं, पुनर्वसनाचे वाद झाले, निविदांच्या चौकश्या लागल्या. सगळं खापर संवादावर फोडणं चूक ठरेल. पण धरणाची भिंत आणि कालवे यांचं वेळापत्रक कागदावर होतं, तसं ज्यांची घरं पाण्याखाली जाणार त्यांच्याशी बोलण्याचंही काटेकोर वेळापत्रक असायला हवं होतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

“एवढं कोण बोलत बसतो, कायदा आहे ना,” असं म्हणणारे भेटतात. कायदा आहेच. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. काही वेळा हेच करावं लागतं. दांडगाईपुढे ऐकून घेण्याला मर्यादा असतात. पण आदेशाने मोकळा झालेला रस्ता पोलिसांची गाडी गेल्यावर बाभळीच्या काट्यांनी पुन्हा बंद होतो, आणि मग अपील, तारखा, वकील. आदेश हातात असला तरी शेजाऱ्याशी बोलणं सुटत नाही.

सगळ्यांना बरोबर घेऊन ठरवण्याचं विदर्भातलं सर्वांत नावाजलेलं उदाहरण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीत जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगटात त्यावर माहिती काढून चर्चा होते. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हे सांगताना लोक मेंढ्याच्या ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेबद्दल भरभरून बोलतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बैठकांवर घातलेला वेळ. सर्वसहमती महाग असते. तुमच्या पांदणीला तेवढा वेळ परवडणार नाही, पण ज्या एका मुद्द्यावर सगळं अवलंबून आहे, तोंडावरच्या माणसाच्या होकारासारख्या, तेवढ्यापुरती ही पद्धत उचलता येते.

हे सगळं उपजत असावं लागतं असं मात्र नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत गावातून निवडलेल्या लोकांना आधी प्रशिक्षण मिळे, आणि त्यात समतल चर कसा आखायचा याबरोबर गाव एकत्र कसं आणायचं याचेही खेळ आणि धडे असत. 2017 मध्ये त्या स्पर्धेत वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याचं काकडदरा पहिलं आलं. फावडं मारायचं प्रशिक्षण विदर्भातल्या माणसाला नकोच होतं.

उरला देखभालीचा प्रश्न, जो बहुतेक ठिकाणी कोणी काढतच नाही. मुरमाचा रस्ता पहिल्या पावसाळ्यात बसतो, चाकोऱ्या पडतात, पाइपात काडीकचरा अडकतो. झाडीपट्टीतल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं काय झालं ते यासाठी पाहण्यासारखं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव. पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचं, हे गावाने नेमलेला माणूस ठरवी आणि पाटाची साफसफाई सगळे मिळून करत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर ‘हे काम कोणाचं’ याचं उत्तरही गेलं, आणि पुढच्या काळात कितीतरी तलाव गाळाने भरत राहिले. पाळ तीच होती, पाणी तेच होतं.

म्हणून पांदणीच्या पहिल्याच सभेत, काम सुरू व्हायच्या आधी, तीन ओळी लिहून घ्याव्यात. पाइप कोण साफ करणार आणि कधी. पावसाळ्यानंतर एक-दोन टिप्पर मुरूम लागला तर वर्गणी वावराच्या एकरावर की घरामागे सारखी. ओल्या रस्त्यावरून उसाची किंवा रेतीची जड गाडी नेली तर काय. रस्ता झाल्यावर या गोष्टी काढल्या तर ज्याची गाडी निघते तो सभेला येत नाही. रस्ता व्हायचा असतो तोवर सगळे येतात, आणि सगळे सही करतात.